शेवटी एकच बेल का?

आमच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कवितावाचन असतं. पंधरा-वीस माणसं, दोन लाकडी बाकं, बाकी प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये चहा. गेल्या पावसाळ्यात तिथे एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरकाकांनी स्वतःच्याच तेराव्यावरची कविता वाचली. कवितेतला मेलेला माणूस मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो आणि जुन्या सवयीने माणसं मोजत असतो. जिलेबी दुसऱ्यांदा कोणी घेतली, घड्याळात सारखं कोण बघतंय, अर्ध्या तिकिटाच्या पोरासाठी पूर्ण पान कोणी मांडून घेतलं. पंगतीला तो ‘पुढे सरका’ म्हणून ओरडतो, पण ते कुणालाच ऐकू जात नाही. लोक खदाखदा हसत होते. शेवटी त्याला आपली बायको कोपऱ्यात बसलेली दिसते, तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असते, आणि बेल वाजते. एकदाच.

टाळ्या पडल्या. ‘काका, फर्मास!’, ‘काका, काय पण विषय काढलात!’ असं सगळं म्हणून झालं. चहाचा कप हातात आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एसटीत डबल बेल म्हणजे ‘गाडी जाऊ दे’ आणि एक बेल म्हणजे ‘थांबव’. मी काकांजवळ जाऊन विचारलं, “शेवटी एकच बेल का?”

ते म्हणाले, “लिहिताना डबलच लिहिली होती. आज वाचताना एकच वाजली.” आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

हा लेख त्या चहाच्या कपातून निघाला आहे. विनोदी कविता ऐकली की आपण हसतो आणि मोकळे होतो. काळीकुट्ट कविता ऐकली की आपण कवीचं सांत्वन करतो आणि मोकळे होतो. दोन्हीकडे आपण फार छान वागलो असं वाटतं, आणि दोन्हीकडे कविता न वाचलेलीच राहते. कवीला मात्र कुणीतरी वाचणारा हवा असतो. तुमच्या ओळखीत कविता लिहिणारं कुणी असेल (महाराष्ट्रात नसेल तरच नवल), तर त्यांना चार शब्द काय आणि कसे सांगावेत, यावर अनुभवाने जे सुचलं ते सांगते.

आधी सवयीचे शब्द बाजूला ठेवा. ‘अप्रतिम’, ‘सुंदर’, ‘लिहीत राहा’, ‘निःशब्द’. निःशब्द झालो हे सांगायला दोन शब्द खर्च करावेच लागतात, तर ते जरा कामाचे का नकोत? हे शब्द खोटे नसतात, पण ते कुठल्याही कवितेला चालतात, आणि जे कुठल्याही कवितेला चालतं त्यातून या कवितेबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी जागा दाखवा. ‘अर्ध्या तिकिटाच्या पोरापाशी मला हसू आवरेना’ किंवा ‘रिकाम्या खुर्चीपाशी घशात आवंढा आला’. एवढं पुरतं. काव्यशास्त्र येत नसलं तरी आपण कुठे हसलो आणि कुठे गप्प झालो हे प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि कवीला ते दुसरीकडून कुठूनही मिळत नाही.

त्यासाठी कविता दोनदा वाचावी लागते. दुसऱ्यांदा मोठ्याने. विनोदी कवितेच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. पहिल्या वाचनात आपण शेवटच्या ओळीतल्या टोल्याकडे धावत सुटलेलो असतो. तो टोला कळल्यावर पुन्हा वाचलं की त्याची तयारी कशी केली होती ते दिसतं. वात्रटिकेत तर चार-सहा ओळींतच सगळा कारभार. तिथे हसू बहुधा शेवटच्या शब्दावर लटकलेलं असतं, आणि तो शब्द अर्धी ओळ आधी आला की वात्रटिका जागच्या जागी बसते. असं झालं असेल तर तेवढंच सांगा: ‘मला आधीच कळलं’. कवीला याहून उपयोगी सूचना नाही.

हसण्यातही डावं-उजवं असतं. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम माणसांचे, अशी त्यांची वाटणीही आहे. ती वाटणी आपण सोडून देऊ. गडगडाटी हसणारी फार चांगली माणसं मी पाहिली आहेत. पण आपण नेमकं कोणतं हसू हसलो हे बघायला ही यादी कामाला येते. ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू आणि मांडी थोपटून आलेलं हसू हे दोन वेगळे अभिप्राय आहेत. पहिलं हसू सभागृहात ऐकू जात नाही, म्हणून ते कवीला नंतर सांगावं लागतं. मोठ्याने न हसलेल्या श्रोत्यांनी तर मुद्दाम सांगावं.

विडंबनाला दाद देताना एक पथ्य पाळा: मूळ कविता माहीत करून घ्या. आचार्य अत्र्यांचं ‘झेंडूची फुले’ ‘केशवकुमार’ या नावाने आलं. त्यातली गंमत कळायची तर ज्या कवितांची आणि ज्या कवींच्या लकबींची टर उडवली आहे त्या कानात असाव्या लागतात. मूळ कवितेच्या वृत्तात विडंबन चपखल बसलं नाही, एखादी मात्रा कमी पडली, की ते विडंबन न राहता नुसती थट्टा होते. म्हणून कुणी विडंबन वाचून दाखवलं तर ‘मूळ चाल अजिबात सुटली नाही’ किंवा ‘तिसऱ्या कडव्यात चाल सुटली’ हे सांगण्यासारखं आहे. आणि मूळ कविता माहीत नसेल तर तसं कबूल करावं. न कळता हसणं लगेच ओळखू येतं.

आता जरा अडचणीची गोष्ट. विनोद आवडला नाही तर काय म्हणायचं? आपल्याकडच्या हास्यकवितेत बायको, सासू, जाड माणूस, टक्कल आणि खेडवळ बोली यांच्यावर इतकं हसून झालंय की त्या जागा आता झिजल्या आहेत. आमच्या इथे एकदा एका कवींनी सासूवरची लांबलचक कविता वाचली. बायका भिंतीकडे बघत होत्या, पुरुष हसावं की नाही म्हणून बायकांकडे. शेवटी एक बाई म्हणाल्या, “दुसऱ्या कडव्यापर्यंत मी तुमच्याबरोबर होते. सासूबाईंच्या वजनावर हसायला सांगितलंत तिथे उतरले.” मला हे वाक्य फार आवडलं. त्यात कवीच्या स्वभावावर, संस्कारांवर, घरावर काही नाही. मी कुठवर आले आणि कुठे उतरले, एवढंच आहे. नापसंती सांगायची तर अशी सांगावी. ‘तुम्ही स्त्रीद्वेष्टे आहात’ म्हटलं की कवी भांडायला उभा राहतो आणि कविता बाजूलाच राहते.

विनोदी कवितेला एक प्रश्न जरूर विचारा: यातला फटका कुणाला बसतोय? खुर्चीवर बसलेल्याला की पायरीवर बसलेल्याला? की कवीला स्वतःलाच? आमच्या कंडक्टरकाकांच्या कवितेत सगळी गंमत स्वतःच्या मढ्यावर होती, म्हणून ती शेवटपर्यंत कुणाला टोचली नाही, आणि शेवटी सगळ्यांनाच टोचली. रामदास फुटाण्यांसारखे कवी राजकारणावर वात्रटिका करतात तेव्हा निशाणा उघड असतो. तिथे वाचकाने बघायचं ते एवढंच, की बातमी शिळी झाल्यावर कविता उरते का.

काही कविता तर हसवतच खाली उतरवतात. अशोक नायगावकरांची भाज्यांवरची ‘शाकाहार’ ही कविता ऐकताना सभागृह लोळण घेतं. पण रोजच्या चिरण्या-सोलण्याला तिथे हिंसेची भाषा लावलेली असते, आणि घरी जाऊन विळीवर बसलं की ती आठवते. ही चाल आपल्याकडे जुनी आहे. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात सोंग घेणारा गडी ठणाणा बोंब मारत लोळतो, जत्रा हसते, आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध हे कळेपर्यंत नांगी लागलेली असते. अशा कवितेला केवळ ‘खूप हसलो’ म्हणणं म्हणजे अर्धाच हिशेब देणं. हसू कुठे थांबलं तेही सांगा.

काळ्या कवितेकडे वळताना मला नेहमी विजय तेंडुलकर आठवतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याला प्रस्तावना तेंडुलकरांची आहे. कामाठीपुरा-गोलपिठ्याचं ते जग, तिथली भाषा, वेश्या, दलाल, भूक, घाण, शिव्या. पांढरपेशा मराठी वाचकाच्या शब्दकोशात यातलं निम्मं नव्हतंच. तेंडुलकर त्या वेळी नावाजलेले नाटककार होते. त्यांना ‘भीषण वास्तव’, ‘दाहक अनुभव’ असे चार शब्द टाकून प्रस्तावना पुरी करता आली असती. त्यांनी काय केलं, तर न कळलेले शब्द आणि संदर्भ ढसाळांकडून समजून घेतले, आणि आपल्याला हे माहीत नव्हतं हे प्रस्तावनेत लपवलं नाही. काळ्या कवितेला द्यायच्या प्रतिसादाचा याहून चांगला नमुना मराठीत मला माहीत नाही. थोर माणूस आणि तरुण कवी समोरासमोर, आणि विचारणारा थोर माणूस.

म्हणून अंधाऱ्या कवितेपुढे आधी विचारा. हा शब्द तुमच्या भागात कशासाठी वापरतात? ही विहीर खरी आहे का? इथे पाऊस सगळीकडे थांबतो आणि एका खोलीतच चालू राहतो, तो का? विचारण्यात कमीपणा नाही. उलट, विचारणारा माणूस कविता वाचून आलेला आहे याचा तो पुरावा असतो. आणि कवीने ‘मलाही माहीत नाही’ असं उत्तर दिलं तरी ते उत्तर चांगलं आहे.

या कविता वाचून किळस येऊ शकते, भीती वाटू शकते. ते बेलाशक सांगा. बीभत्स आणि भयानक हे आपल्या परंपरेत रसच आहेत. मान्यवर रस, शृंगाराच्या पंगतीला बसलेले. मर्ढेकरांची उंदरांवरची कविता वाचून कुणाला काहीच न झाल्यास कविता फसली असं म्हणावं लागेल. तेव्हा ‘मला मळमळलं’ म्हणताना तक्रारीचा सूर लावू नका, पण शब्द तोच ठेवा. मर्ढेकरांच्या बाबतीत मात्र वाचकाची मळमळ सरळ कोर्टात गेली. १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले. आज त्या कविता पाठ्यपुस्तकांत आणि प्रबंधांत आहेत. एवढ्या तेवढ्याने ‘हे असलं कशाला लिहायचं?’ म्हणण्याआधी ही गोष्ट आठवावी.

‘काहीतरी सकारात्मक लिहा ना!’ हे वाक्य तर कायमचं बंद करा. मीच एकदा ते वेगळ्या शब्दांत बोलून बसले होते. एका तरुण मुलाने वडिलांच्या आजारपणावरची कविता वाचली. इस्पितळाचा व्हरांडा, सलाइनचे थेंब मोजत घालवलेली रात्र. मी गहिवरून म्हटलं, “होईल रे सगळं ठीक.” त्याने कागदावरून मान वर केली. “काकू, बाबा बरे होऊन तीन वर्षं झाली. सहावी ओळ लांबली आहे का, तेवढं सांगा.” सहावी ओळ खरंच लांबली होती. मी ऐकलंच नव्हतं.

इथे कवितेतला ‘मी’ आणि कविता लिहिणारा माणूस यांच्यातलं अंतर येतं. कथेतला खुनी म्हणजे लेखक नव्हे हे आपल्याला लगेच पटतं, पण कवितेत ‘मी’ आला की आपण तडक कवीच्या घरात शिरतो. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले, वयाच्या जेमतेम तेहेतिसाव्या वर्षी. तेवढ्या आयुष्यात हा माणूस गोविंदाग्रज या टोपणनावाने विरहाच्या, मरणाच्या कविता लिहीत होता, तान्ह्याच्या मृत्यूवरची, निजलेल्या राजहंसाची कविता लिहीत होता, आणि बाळकराम होऊन ठकीच्या लग्नाच्या मोहिमेवर महाराष्ट्राला हसवत होता. ‘एकच प्याला’मध्ये तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आणि सिंधूचा शेवट एकाच नाटकात नांदतात. यातले खरे गडकरी कोणते हा प्रश्न सोडवत बसू नये. ज्या पानावर आहात ते पान वाचावं. तुमच्या शेजारच्या कवीलाही हीच सवलत द्या. ‘यातली ती कोण?’ असं डोळे मिचकावून विचारणं तर केवळ असभ्य.

आणि तरीही कधीकधी कवितेमागचा माणूसच बुडत असतो. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि इथे नेमकं वागता आलं पाहिजे. कवितेत मरण आहे एवढ्यावरून घाबरू नका. कवितेबाहेर काय चाललंय ते बघा: माणूस झोपेनासा, जेवेनासा झाला आहे का; आवडती पुस्तकं, वस्तू वाटून टाकतो आहे का; निरोपासारखं बोलतो आहे का; नेहमीच्या माणसांना टाळतो आहे का. असं काही जाणवलं तर चारचौघांत, कवितेवर बोलता बोलता, ते काढू नका. बाजूला घ्या, चहाला न्या, आणि सरळ विचारा, “तुला जगणं नकोसं वाटतंय का? जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करू नका, एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला कळवा. सरकारची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२. कवितेची सहावी ओळ नंतर बघता येते.

आता काही किरकोळ पण घडणाऱ्या चुका. कुणी कविता वाचली की लगेच ‘याच विषयावर माझीही एक आहे’ म्हणून वही उघडू नका. शुद्धलेखनापासून सुरुवात करू नका. ऱ्हस्व-दीर्घ सांगायचं असेल तर शेवटी, आणि तेही कविता छापायला जाणार असेल तरच. सुधारणा सुचवण्याआधी ‘सूचना हव्यात का?’ असं विचारा. पुष्कळदा माणसाला फक्त ऐकवायचं असतं. कविता आवडली म्हणून पुढे पाठवाल तर नाव ठेवून पाठवा. वात्रटिका आणि चारोळ्या गावभर निनावी फिरतात, आणि मूळ कवीला त्या कधीतरी आपल्याच भाच्याकडून ‘ही बघ, काय मस्त आहे’ म्हणून परत मिळतात.

गप्प बसणंही चालतं. काही कवितांवर त्या क्षणी बोलता येत नाही. मग दोन दिवसांनी सांगा. दोन दिवसांनी आठवलेली ओळ सांगितली तर तिचं वजन त्याच संध्याकाळच्या दहा टाळ्यांपेक्षा जास्त. फक्त सांगायला विसरू नका. कवी माणूस दोन दिवस वाट बघतो, दहा दिवस नाही, नंतर तो स्वतःच ठरवून टाकतो की कविता वाईट होती.

कंडक्टरकाका पुढच्या महिन्यात आले तेव्हा त्यांनी तीच कविता पुन्हा वाचली. शेवटची बेल या वेळीही एकच होती, पण तिच्याआधी त्यांनी एक ओळ काढून टाकली होती, मला वाटतं रिकाम्या खुर्चीचा नंबर सांगणारी. या वेळी शेवटी कोणी हसलं नाही. एका आजोबांनी विचारलं, “नंबर का काढला?” आणि तिथून अर्धा तास चर्चा चालली, चहा गार झाला.

दिवाळी अंक हातात येतील तेव्हा त्यात एक हसवणारी आणि एक अंगावर येणारी कविता शोधा, दोन्ही दोनदा वाचा, आणि त्या दोन कवींना एकेक ओळ लिहून पाठवा, की तुम्ही नेमके कोणत्या शब्दापाशी थांबलात. पत्ता किंवा फोन नंबर बहुतेक वेळा कवितेखालीच छापलेला असतो.